जुन्या गाडीचं इंजिन गेलं, तर त्यावर खर्च करावा का? गोव्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती साधारण दहा ते वीस वर्षं जुन्या खासगी चारचाकीसाठी आहे, पेट्रोल असो वा डिझेल. इंजिन बदलायचं की नाही, याचं उत्तर निम्मं इंजिनात आणि निम्मं गाडीच्या पत्र्यात असतं. आपल्याकडे, विशेषतः बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टीच्या किनारपट्टीत, पत्र्याकडे आधी पाहावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

मेकॅनिक म्हणतो, "इंजिन गेलं." म्हणजे नक्की काय गेलं?

हे त्याच्याकडून नेमकं वदवून घ्या, कारण खर्च त्यावरच ठरतो. गाडी तापून बंद पडली असेल तर बहुतेक वेळा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) जळलेलं असतं किंवा अॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असतं. खालचा ब्लॉक चांगला असेल तर हे काम हेडपुरतंच राहतं. टायमिंग बेल्ट तुटला किंवा चेन उडी मारून गेली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वाल्व्हवर आपटतो आणि वाल्व्ह वाकतात. हेही काम वरचंच, पण पिस्टनच्या माथ्यावर खड्डा किंवा तडा आहे का ते हेड उघडल्यावर पाहावं लागतं.

खालून खणखण असा जड आवाज येऊन गाडी बंद पडली असेल तर बेअरिंग गेलेलं असतं. दगडावर आपटून ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) फुटला, ऑइल गळून गेलं आणि लाल दिवा लागूनही गाडी चालवत राहिलं, की हेच होतं. यात क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) खरवडला जातो आणि धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. सर्वांत महाग पडणारा बिघाड हाच.

निळसर धूर, ऑइल कमी होणं, चढावर गाडीला दम लागणं ही पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याची लक्षणं आहेत. अशी गाडी एका दिवसात मरत नाही, त्यामुळे विचाराला वेळ असतो. त्याचा उपयोग करा.

इंजिन उघडण्याआधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

इंजिन हाताने फिरतं का, ही पहिली. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवून पाहायचे. फिरत असेल तर काँप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम करता येत असेल तर गरम करावं, सगळे प्लग काढावेत, इंधन तोडावं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि बॅटरी भरलेली असावी. बॅटरी मलूल असेल तर आकडे खोटे येतात आणि चांगलं इंजिन नापास होतं.

पेट्रोल इंजिनात सर्वसाधारणपणे ११ ते १३ बार, म्हणजे १६० ते १९० पीएसआय मिळायला हवेत. डिझेलला २५ ते ३० बारच्या आसपास. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्यावा. पण आकड्याइतकाच सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिथे दुखणं आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

पेट्रोल इंजिनाच्या कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग जपून करावा, ऑइल जास्त पडलं तर रॉड वाकू शकतो.

शेवटी ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहा. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी किंवा रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंगचा धातू सुटलेला आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि यात फसवणूक होत नाही.

ऑइलच्या झाकणाला आतून दुधट फेस आहे. हेड गॅस्केट गेलं ना?

लगेच तसं समजू नका. जून ते सप्टेंबर आपल्या दमट हवेत, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर इंजिनातली वाफ झाकणाला धरते आणि ऑइलशी मिसळून असा फेस होतो. डिपस्टिक ओढून पाहा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नसतील तर एक लांबचा फेरा मारा, फेस जातो. डिपस्टिकवरही चहासारखा रंग असेल तर मात्र गाडी चालू करू नका.

पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि बंद पडली. इंजिन गेलं का?

पणजीतला अठरा जून रस्ता काय किंवा साखळी बाजार काय, दरवर्षी अशा गाड्या निघतात. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या क्षणी नुकसान कमी असू शकतं. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने ते वाढतं. त्यामुळे चावी फिरवू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टो करून न्या.

गॅरेजमध्ये आधी एअर फिल्टर उघडायचा. तो कोरडा असेल तर इंजिन बहुतेक वाचलं, बिघाड विजेचा असेल. ओला असेल तर सगळे प्लग काढून (डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ग्लो प्लग) इंजिन आधी हाताने आणि मग सेल्फने फिरवायचं, पाणी भोकांतून बाहेर उडतं. त्यानंतर ऑइल, फिल्टर बदलून काँप्रेशन घ्यायचं. रॉड वाकला असेल तर तो सिलिंडर कमी दाखवतो, कारण पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. भोकातून सळई घालून चारही पिस्टनची वरची उंची मोजली तरी फरक कळतो. किंचित वाकलेला रॉड घेऊन गाडी काही महिने चालते आणि मग ब्लॉक फोडून बाहेर येतो, म्हणून "चालू झाली, घेऊन जा" यावर समाधान मानू नका.

इंजिनावर पैसे घालण्याआधी गाडीत काय पाहायचं?

गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या, हातात जुना स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. इंजिन बदलता येतं, पण भार पेलणारा पत्रा कुजला असेल तर वेल्डिंगचे ठिगळ लावून गाडीची ताकद परत येत नाही.

पाहायच्या जागा अशा: दारांखालची पट्टी, तिचं पुढचं आणि मागचं टोक. पुढच्या शॉकअॅब्झॉर्बरचे वरचे टॉवर, बॉनेट उघडून. इंजिन आणि खालचे आर्म ज्या आडव्या क्रॉसमेंबरला बसतात तो आणि त्याचे बोल्ट. मागच्या अॅक्सलचे माउंटिंग. डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा. आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पायाखालचं कार्पेट. ते उचला, खालचा नमदा ओला लागला तर फ्लोअर तपासा. एसीचं किंवा विंडशील्डच्या रबरामधून आलेलं पाणी तिथे वर्षानुवर्षं साचतं आणि मालकाला पत्ता नसतो.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. कणखर आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर टोक दाबून पाहा. पापुद्रे सुटून टोक आत गेलं आणि ती जागा टॉवर, क्रॉसमेंबर किंवा अॅक्सल माउंटिंगची असेल, तर इंजिनाचा विषय तिथेच संपवा. दाराच्या पट्टीत बोटभर भोक असेल तर मात्र घाबरू नका, ते काम नीट होतं.

दिवाडी, चोडणला रोज फेरीबोटीने जाणाऱ्या गाड्यांची चाकं आणि खालचा भाग रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्यात भिजतो. अशा गाडीचा ब्रेक पाइपही तपासा. उलट डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या गाड्यांचा पत्रा वयाच्या मानाने चांगला सापडतो, पण खाणपट्ट्यातल्या लाल धुळीने त्यांचे रेडिएटर बुजलेले असतात. इंजिन तापण्याचं मूळ कित्येकदा तेच असतं.

पत्र्यानंतर गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक, एसीचा काँप्रेसर आणि वायरिंग. यातल्या दोन गोष्टी लवकरच मागणार असतील तर तो खर्च आजच्याच हिशेबात धरा.

पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

"गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर सोडा" हा नियम ऐकायला सोपा आहे, पण अपुरा. तीन आकडे काढा: गाडी चालू स्थितीत आज किती किमतीला जाईल, बंद स्थितीत किती मिळतील, आणि तेवढ्याच कामाची दुसरी गाडी घ्यायला एकूण किती लागतील.

समजा गाडी चालू असती तर १,६०,००० आल्या असत्या, बंद अवस्थेत ४५,००० मिळतात, आणि इंजिनाचं अंदाजपत्रक ७०,००० आहे. त्यावर २० टक्के वाढीव धरा, कारण इंजिन उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणजे ८४,०००. इंजिन केल्याने किंमत १,१५,००० ने वाढते, खर्च ८४,००० होतो. काम करण्यासारखं आहे. हीच गाडी चालू स्थितीत १,००,००० ची असेल तर वाढ फक्त ५५,००० ची, मग बाजारभावाने ते परवडत नाही.

तरी तिथेही थांबू नका. दुसरी जुनी गाडी घेतली तर तिचे टायर, बॅटरी, नावावर करण्याचा खर्च आणि तिच्यातले न दिसणारे दोष येतात. तुमच्या गाडीचे दोष तुम्हाला माहीत आहेत. पत्रा निरोगी असेल, गाडी एकहाती असेल आणि अजून किमान चार वर्षं वापरायची असेल, तर थोडा तोटा सोसून इंजिन करणं शहाणपणाचं ठरतं. वर्षभरात विकायचीच असेल तर आहे तशी विका.

बोअर करावं, हाफ इंजिन घ्यावं की सेकंडहँड इंजिन?

आपलं इंजिन बांधून घेणं म्हणजे ब्लॉक लेथवर नेऊन बोअरिंग-होनिंग, ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग, हेडचं फेसिंग, वाल्व्ह ग्राइंडिंग आणि नवीन सील. चांगल्या हातून झालं तर पर्यायांत हेच उत्तम, शिवाय इंजिन नंबर तोच राहतो. मात्र सगळ्याच गाड्यांना ओव्हरसाइज पिस्टन मिळत नाहीत. बोअर करायला देण्याआधी पिस्टन हातात घ्या, कारण बोअर पिस्टन मोजून करायचा असतो.

हेडचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासतात. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.०५ मिमीपर्यंतचा बाक चालतो. त्याहून जास्त असेल तर फेसिंग, आणि कंपनीच्या मर्यादेपलीकडे घासावं लागत असेल तर दुसरं हेड.

हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून मिळतात आणि आपलंच हेड वर बसतं. हेड चांगलं आणि खालचं गेलेलं, अशा वेळी हा पर्याय वेळ वाचवतो. सेकंडहँड पूर्ण इंजिन सर्वांत लवकर बसतं, दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर येते, पण त्याचं पूर्वायुष्य कोणालाच ठाऊक नसतं.

अंदाजपत्रक सुटे भाग, लेथकाम आणि मजुरी अशा तीन वेगळ्या रकान्यांत मागा. जुने भाग परत मागा. आणि चतुर्थीपर्यंत गाडी हवी म्हणून घाई लावू नका. त्या दिवसांत गॅरेजं भरलेली असतात आणि घाईत बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

सेकंडहँड इंजिन घेताना काय तपासायचं?

गोव्यात येणारी बरीच इंजिनं बेळगाव, हुबळी किंवा मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून येतात. संप उघडायला लावा. गाळणीत चुरा आहे का, तळाशी काळा चिखल आहे का ते पाहा. ब्लॉकच्या बाजूचे गोल कोअर प्लग आणि पाण्याचे मार्ग बघा. तिथे बारीक गाळ किंवा गंजाची आडवी रेघ दिसली तर ते पुराच्या गाडीचं इंजिन असू शकतं. कोल्हापूर-सांगलीत २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले होते, तेव्हाच्या बुडालेल्या गाड्यांचे भाग बाजारात येणं स्वाभाविक आहे.

नाव तेच असलं तरी इंजिन तेच असतं असं नाही. फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टीजेट मारुती, टाटा आणि फियाट तिघांनीही वापरलं. त्यात ७५ आणि ९० पीएसचे प्रकार आहेत, त्यांचे टर्बो वेगळे. आणलेल्या इंजिनाला सेन्सर, इंजेक्टर आणि वायरिंग आपल्या जुन्या इंजिनावरचेच लावा, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) यांची भांडणं सुरू होतात.

बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत घ्या. ही दोन कागदपत्रं देत नसेल त्याच्याकडून इंजिन घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. चोरीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

कंपनीने भारतातला धंदाच बंद केला आहे. तरी इंजिन करावं का?

शेवरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाग मिळतात, पण वेळ लागतो. गॅस्केट किट, रिंगा, बेअरिंग, टायमिंग किट आणि ऑइल पंप यांची उपलब्धता आधी पक्की करा, मगच इंजिन उघडू द्या. उघडून ठेवलेला ब्लॉक पावसाळ्यात पंधरा दिवसांत गंज धरतो.

इंजिन खाली उतरवलंच आहे, तर आणखी काय बदलावं?

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग; क्रँकचं मागचं ऑइल सील; वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग किट; पाण्याचे सगळे होज; चिरलेले माउंटिंग. यांची मजुरी आता जवळजवळ फुकट आहे, नंतर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पेट्रोल गाडी जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइपही बदला, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात लवकर कडक होतं.

बेअरिंग गेलं होतं तर ऑइल कूलर नवाच घाला. त्याच्या बारीक नळ्यांतला चुरा धुऊन निघत नाही, आणि तोच नव्या बेअरिंगला खातो. टर्बोचा ऑइल पाइपही तसाच. इंजिन तापून गेलं होतं तर रेडिएटर आणि पंखा तपासल्याशिवाय नवं इंजिन चालू करू नका. मूळ कारण तसंच राहिल्याने दुसरं इंजिनही जातं, हे या धंद्यात वारंवार दिसतं.

आरटीओत काय करावं लागतं?

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर काही करावं लागत नाही. ब्लॉक बदलला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आधी परवानगी घेतली तर उत्तम. न घेता बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवायचं. इंजिनाचं बिल, आरसी, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवा, गाडी प्रत्यक्ष दाखवायला न्यावी लागेल. कंपनीकडून आलेल्या नव्या ब्लॉकवर काही वेळा नंबर नसतो, तो परस्पर कोरून घेऊ नका, आधी आरटीओला विचारा.

मोठ्या सीसीचं किंवा पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवता येईल का?

नाही. गाडीचे तपशील मूळ नोंदणीपेक्षा वेगळे करता येत नाहीत. कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

विमा पैसे देईल का?

झिजून किंवा ऑइल संपून गेलेल्या इंजिनाला नेहमीच्या पॉलिसीत भरपाई नाही. पाणी शिरून गेलेल्या इंजिनाला इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच लागतं, आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. इंजिन बदललं तर नवा नंबर विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर पुढच्या अपघाताच्या दाव्यात अडचण येते.

गाडीची १५ वर्षं भरत आली आहेत. आता इंजिन करण्यात अर्थ आहे का?

दिल्लीसारखी वयाची बंदी इथे नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची फी ५,००० रुपये झाली आहे, २० वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. नूतनीकरणात गाडी तपासली जाते, तेव्हा कुजलेला पत्रा आणि धूर दोन्ही अडवतात. मुदत सहा महिन्यांवर असेल तर इंजिनाचं आणि पत्र्याचं काम एकत्र उरका.

इंजिन बसवल्यावर पहिले दिवस कसे चालवायचे?

पहिल्यांदा चालू करताना इंधन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फने फिरवायचं. त्यामुळे बेअरिंगमध्ये आधी ऑइल पोचतं. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घाला, विहिरीचं पाणी नको. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी उभी चालवा आणि हवा काढा.

पहिले १,००० किलोमीटर एकाच वेगाने लांबचा प्रवास टाळा, पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नका, भरलेल्या गाडीने चोर्ला किंवा अनमोड घाट चढू नका. फार हळूही नको, रिंगा बसायला इंजिनावर थोडा भार लागतो. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून पाहा. बारीक राखाडी लेप चालतो, चकाकणारे कण नाहीत.

गाडी सोडून द्यायची ठरवली. भंगारवाल्याला देऊन टाकू का?

नुसती देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला दिली तर गाडी मोडीत जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवीन खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची केंद्राची तरतूद आहे. गाडी मोडली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. बंद गाडी दुसऱ्याला विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ती त्याच्या नावावर झाल्याची खात्री करा, आणि तोपर्यंत मूळ आरसी व दुसरी चावी आपल्याकडेच ठेवा.